काम चालू असताना घरी कुणी थांबायचं?

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत या वर्षी नववा विषय असा आहे : 'सदनिकेत दुरुस्ती अथवा सजावटीचे काम चालू असताना सदनिकाधारक अथवा कुटुंबातील सज्ञान व्यक्ती पूर्ण वेळ हजर नसल्यास कामगारांना गेटमधून प्रवेश देऊ नये.' पार्किंग आणि टँकरच्या भांडणानंतर सगळे दमलेले असतील, तेव्हा हा विषय दोन मिनिटांत हात वर करून मंजूर होईल अशी मला भीती आहे. म्हणून आधीच लिहितेय. पुण्यातल्या इतर सोसायट्यांच्या ग्रुपवरही हाच वाद फिरतोय असं मैत्रिणींकडून कळतं, तेव्हा बाकीच्यांनी वाचायलाही हरकत नाही.

आधीच सांगते, मी घरी थांबण्याच्या बाजूची आहे. कारागीर आले की किल्ली देऊन निघून जाणाऱ्यातली मी नाही. तरीही या ठरावाला माझा विरोध आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या दोन्ही बाथरूमचं काम निघालं. एकोणीस दिवस चाललं. त्यात माझी खरोखर गरज कधी पडली ते मी डायरीत लिहीत गेले (बँकेतली सवय, जात नाही). शेवटी बेरीज केली तर जेमतेम अकरा तास भरले. एकोणीस दिवसांत अकरा तास! पण ते अकरा तास कोणते, हे महत्त्वाचं.

जे काम झाकलं जाणार आहे, ते झाकायच्या आधी तुम्ही तिथं पाहिजे. बस, एवढंच. भिंतीत झिऱ्या मारून पाइप टाकले की त्यावर गिलावा चढतो, गिलाव्यावर टाइल, आणि मग पुढची वीस वर्षं तो पाइप कुठून गेलाय हे देवालाच ठाऊक. तेव्हा झिरी बुजवायच्या आधी, भिंतीला टेप लावून, टेपवरचे आकडे दिसतील असा फोटो काढायचा. माझ्या ओळखीच्या एका घरी बेसिनखालचं कपाट लावताना सुताराचा ड्रिल सरळ गरम पाण्याच्या पाइपात गेला. सुताराची काय चूक? त्याला भिंतीच्या आतलं दिसतं का? पाइप टाकले त्या दिवशी एक फोटो असता तर तीन टाइल वाचल्या असत्या.

तसंच पाइपांना प्रेशर लावून बघतात तेव्हा. काटा उतरतो का हे आपल्या डोळ्यांनी बघायचं. वायरिंग असेल तर वायर आत ओढायच्या आधी बंडल बघायचं : दिव्यांना दीडची वायर, प्लगला अडीचची, गीझर आणि एसीला चारची, असा साधा हिशेब आहे. भिंतीत गेली की दीडची आणि अडीचची कुणालाच ओळखू येत नाही. आणि फरशी बसवताना ढाळ. जाळीकडे पाणी पळतं का हे दोन मग पाणी ओतून बघायचं, आणि ते सिमेंट ओलं असताना. वाळल्यावर सांगितलं की मिस्त्री मान डोलावतो आणि तुम्ही जन्मभर वायपर मारता.

आता याच्या उलट बघा. वॉटरप्रूफिंग झालं की दाराशी विटांचा छोटा बांध घालून बाथरूममध्ये पाणी भरून ठेवतात. चोवीस तास, शक्यतो अठ्ठेचाळीस. भिंतीवर पेन्सिलनं पाण्याच्या पातळीची खूण करायची आणि खालच्या घरातल्या काकूंना सांगून ठेवायचं, छताकडे लक्ष ठेवा. सोसायटीतली निम्मी भांडणं गळतीची, आणि ती या दोन दिवसांची घाई केल्यामुळे. पण त्या दोन दिवसांत घरी कुणी बसायची गरज आहे का? अजिबात नाही. पाणी एकटं उभं राहू शकतं. ठरावाप्रमाणे मात्र दोन तासांनी पातळी बघायला येणाऱ्या पोरासाठी मी रजा टाकून बसायचं. टाइल लावायचे दिवस तेच, रंगाचा दुसरा हात तेच. कामात मुरलेल्या माणसाच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसलं की काम सुधारत नाही, त्याची मान अवघडते आणि आपलीही.

किती थांबायचं हे खरं तर पैसे कसे ठरलेत त्यावर असतं. काम उक्तं दिलं असेल तर मिस्त्रीला स्वतःलाच घाई असते. तो वेळ काढत नाही, पण कोपरे कापतो. तिथं झाकायच्या आधी हजर राहिलात की पुरे. हजेरीवर दिलं असेल तर उलटं : काम नीट होतं, पण लांबतं. तिथं सकाळी आज काय होणार ते बोलून घ्यायचं आणि संध्याकाळी ते झालं का बघायचं. दोन्हीकडे दिवसभर राखण करून हाती काही लागत नाही. आणि एक गोष्ट आपण विसरतो. उक्त्या कामात 'ताई, नळ किती उंचीवर घ्यायचा?' याला उत्तर द्यायला कुणी फोनवर सापडलं नाही, तर तो तास मिस्त्रीच्या खिशातून जातो. बोळवण करून 'तुम्हाला कळतंय ना, करा' म्हणायचं आणि संध्याकाळी येऊन नाक मुरडायचं, हे मी भल्याभल्या घरांत पाहिलंय.

आता चोरीचं. ठरावामागचं खरं कारण तेच आहे, फक्त 'सुरक्षा' असं छान नाव दिलंय. कारागीर घरात आहे आणि आपण बाहेर, ही कल्पनाच आपल्याला अस्वस्थ करते. मी ते खोटं म्हणत नाही. घर उघडं टाकून जाऊ नये. दागिने लॉकरमध्ये ठेवा, कागदपत्रं एका खोलीत घालून तिला कुलूप लावा, कामाच्या खोलीतलं कपाट आधीच रिकामं करा. हे मला कुणी शिकवलं माहितेय? आमच्याच मिस्त्रींनी. पहिल्या दिवशी हत्यारं बाहेर काढायच्या आधी म्हणाले, "ताई, ते कपाट रिकामं करून कुलूप लावा आणि किल्ली तुमच्याकडं ठेवा. उद्या तुमची अंगठी सोफ्याखाली सापडंल, पण तवर माझं नाव गेलेलं असंल." लातूरकडचे आहेत, तीस वर्षं पुण्यात काम करतायत. घरातून काही हरवलं की पहिला संशय कुणावर येतो हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. बरेच जुने कारागीर स्वतःच म्हणतात की घरात कुणीतरी असू द्या. पण ते त्यांच्या अब्रूसाठी. आपण सक्ती करतो ती त्यांच्यावरच्या संशयापोटी. दोन्हीत घरात माणूस तोच बसतो, पण अर्थ वेगळा.

आणि 'कुटुंबातील सज्ञान व्यक्ती' म्हणजे कोण हो? ठराव लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोण होतं ते सगळ्यांना माहितेय. घरातली बाई. तिची नोकरी असली तर रजा तिची, वर्क फ्रॉम होम असलं तर 'तू घरीच आहेस ना' म्हणून तीच. मीटिंग चालू आहे, मागे टाइल कटर किंचाळतोय आणि ही कॅमेरा बंद करून माफी मागतेय. आमच्या बिल्डिंगमध्ये निदान चार जणींचं मागच्या वर्षात हे झालं. सोसायटीच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे कामाच्या वेळा सोमवार ते शनिवार दहा ते सहा, मध्ये दोन ते चार शांतता, रविवार बंद. म्हणजे नोकरदार माणूस घरी असतो तेव्हा काम करायचं नाही, आणि काम करायचं तेव्हा नोकरदार माणसानं घरी असायचं. दोन्ही नियम एकत्र वाचले तर नोकरी करणाऱ्याच्या घरातला नळ बदलता येत नाही.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट मात्र वेगळी आहे. एकटीनं राहणाऱ्या बाईला चार अनोळखी पुरुषांबरोबर बंद फ्लॅटमध्ये दिवसभर बसायची भीती वाटू शकते. ती भीती हसण्यावारी नेऊ नका, मीही काही कामांच्या वेळी बहिणीला बोलावून घेते, दार उघडं ठेवते, वॉचमनदादांना सांगून ठेवते. पण ज्या बाईला तिथं थांबायचं नाही, तिनं किल्ली विश्वासातल्या माणसाकडे देऊन ऑफिसला जावं, हा तिचा हक्क हा ठराव काढून घेतोय. सुरक्षेच्या नावाखाली तिला नेमकं तिथंच बसवतोय जिथं तिला असुरक्षित वाटतं.

म्हाताऱ्या माणसांचं तेच. मुलगा बंगळुरूला, सून दुबईला, आणि शहात्तर वर्षांचे आजोबा 'सज्ञान व्यक्ती' म्हणून धुळीत बसलेले. फरशी कोरडी कापली की जी बारीक पांढरी धूळ उडते ती साधी धूळ नाही, त्यात सिलिका असते आणि ती फुप्फुसात जाऊन बसते. पाणी मारत कापायला सांगा, तुमच्यासाठीही आणि कापणाऱ्यासाठीही, कारण तुम्ही ती एक दिवस खाता आणि तो रोज. ऑइल पेंट, मेलामाइन पॉलिश, पेस्ट कंट्रोल, या दिवशी दम्याच्या माणसानं, लहान मुलांनी, गरोदर बाईनं घरात थांबूच नये. थांबायची सक्ती तर सोडाच.

मग थांबायचं कशासाठी? मला विचाराल तर चोरीपेक्षा मोठं कारण आहे, आणि त्याबद्दल ठरावात एक अक्षर नाही.

तुमच्या घरात काम चालू असतं तेव्हा तिथं कायद्याचा माणूस कुणी नसतो. 1996च्या बांधकाम कामगार कायद्यानं स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम वगळलं होतं. 2020मध्ये संसदेनं नवी संहिता मंजूर केली, तिच्यात ही मर्यादा पन्नास लाखांवर गेली, आणि दहापेक्षा कमी कामगारांचं कामही बाहेर राहिलं. आपल्या फ्लॅटमधलं कुठलं काम पन्नास लाखांचं असतं? म्हणजे टॉवर बांधताना निदान कागदावर तरी हेल्मेट, जाळी, सेफ्टी ऑफिसर असतो, आणि त्याच टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर एसीचं आउटडोअर युनिट बसवायला छज्जावर उतरणाऱ्या पोराच्या मागे कुणीच नाही. कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायचं तर आधीच्या वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. आज या घरी चार दिवस, उद्या त्या घरी दोन, असं करणाऱ्या रंगाऱ्यानं तो कुणाकडून आणायचा?

तिथं घरात असलेलं माणूस एक गोष्ट करू शकतं. 'बेल्ट नसेल तर आज काम नको' म्हणू शकतं. हे वाक्य ठेकेदार म्हणत नाही आणि पोरगा स्वतः तर म्हणूच शकत नाही, त्याची हजेरी बुडते. ते मालकच म्हणू शकतो, आणि त्या दिवसाचे पैसे देऊन म्हणू शकतो. तसंच वीज. कटरच्या वायरला प्लगच नाही, दोन उघडी टोकं सॉकेटात खुपसून काडीपेटीच्या काड्यांनी घट्ट केलीत, आणि खाली ओल्या फरशीवर अनवाणी माणूस. हे दृश्य बघितलं नाही असा एकही जण हे वाचत नसेल. साधा तीन पिनचा प्लग काही महाग येत नाही. एक चांगला एक्स्टेन्शन बोर्ड काढून द्या. काम सुरू व्हायच्या आधी डीबीमधल्या आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून ती पडते का बघा. घरगुती आरसीसीबी साधारणपणे तीस मिलीअँपिअरची असते, तेवढी गळती झाली की तिनं वीज तोडायला हवी. आणि कुठला एमसीबी कुठल्या खोलीचा हे दाखवून ठेवा. यासाठी अर्धा तास घरी थांबा. सीसीटीव्ही लावून ऑफिसातून त्याच्या पाठीकडे बघत बसण्यापेक्षा तो अर्धा तास जास्त कामाचा आहे.

दुसरी गोष्ट लिहायला जरा अवघड वाटतं, पण लिहिते. संडास. कामाला आलेली माणसं आठ तास कुठं जातात? आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये सिक्युरिटीचा संडास आहे, त्याला कुलूप असतं. फ्लॅटमध्ये जायचं तर मालकाला विचारायला लागतं, आणि मालक घरात असला तरी विचारायचा धीर होत नाही. राडारोड्याच्या गोण्या उतरवायला येणाऱ्या बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मी विचारलं तेव्हा त्यातल्या एकीनं सांगितलं, "पानी पेलं की जावं लागतंय, म्हून नाय पेत." मे महिन्यात, पुण्यात. त्या गोण्या घेऊन त्यांनी जिना वापरायचा, कारण लिफ्ट खराब होते. घरात कुणी असेल आणि पहिल्याच दिवशी सांगितलं की हा संडास तुमच्यासाठी, हे पाणी, हा पंखा, तर दिवसभर त्यांना कुणाला काही विचारावं लागत नाही. चहाही द्या, पण त्याच्यासाठी कपाटाच्या मागून तो वेगळा, कान तुटलेला कप काढणार असाल तर राहू द्या. तो कप कुठून आलाय आणि का जपून ठेवलाय हे आपल्याला माहीत असतं.

सेक्रेटरीसाहेबांची बाजूही मला कळते. मागे सी विंगमध्ये न विचारता भिंत पाडली, तेव्हा सगळ्यांनी त्यांनाच धारेवर धरलं होतं. पण मालक घरात बसला म्हणून बीम वाचत नाही. बीम फोडायला सांगणारा बहुतेक वेळा मालकच असतो! त्यासाठी तोडफोडीच्या आधी सोसायटीच्या इंजिनिअरनं येऊन बघावं, फी घ्यावी, परवानगीच्या पत्रावर काय तोडायचं आणि काय नाही ते लिहावं.

तेव्हा नवव्या विषयावर माझी दुरुस्ती सूचना अशी असेल. मालकानं एका जबाबदार माणसाचं नाव आणि फोन नंबर लेखी द्यावा. तो नातेवाईक असो, शेजारी असो, नाहीतर खुद्द मिस्त्री. तो माणूस फोनवर मिळायला हवा, घरात बसलेला नको. गेटवर आधारची झेरॉक्स घेऊन ती केबिनमधल्या रद्दीत टाकणं बंद करावं, ओळखपत्र बघून नोंद पुरे. संध्याकाळी जाताना पिशव्या उघडून बघायच्या असतील तर सगळ्यांच्या बघा, माझीही बघा, नाहीतर कुणाचीच नको. छज्जावर किंवा खिडकीबाहेर काम असेल तर बेल्टशिवाय परवानगी नाही, हे गेटवरच्या पासवर छापावं. आणि पार्किंगमधल्या संडासाचं कुलूप दहा ते सहा उघडं राहावं, त्याच्या सफाईचा खर्च काम काढणाऱ्या सभासदाच्या राडारोडा फीमधून करावा. ती फी आपण आत्ताही घेतोच.

सभा येत्या रविवारी सकाळी दहाला क्लबहाउसमध्ये आहे. गणपूर्ती झाली नाही तर अर्ध्या तासानं तीच सभा पुन्हा भरते आणि जे हजर असतील तेच ठरवतात, हे लक्षात ठेवा. दुरुस्ती सूचनेला अनुमोदक लागेल. ए आणि बी विंगमधल्या ज्यांनी या वर्षी घराचं काम काढलं होतं त्यांनी नक्की या, आणि येताना मागच्या वर्षीच्या राडारोडा फीच्या पावत्या घेऊन या.